कर्करोगाची पेशी आणि निरोगी पेशी: फरक वेगाचा नसेल तर कशाचा?

नीलिमा_वाई

कर्करोग म्हणजे पेशींची बेसुमार, भराभर वाढ, हे वाक्य सगळीकडे सापडतं आणि बहुतेक ठिकाणी विषय तिथंच संपतो. माझ्या मते हे वाक्य अर्धवट आहे आणि त्यातून गैरसमज होतात. आतड्याच्या अस्तराच्या पेशी तीन ते पाच दिवसांत बदलतात. अस्थिमज्जेत रोज सुमारे २० हजार कोटी तांबड्या पेशी तयार होतात. त्याला कोणी कर्करोग म्हणत नाही. उलट स्तनातल्या कित्येक कर्करोगाच्या गाठींना दुप्पट व्हायला महिने लागतात. म्हणजे वेग हा काही खरा फरक नव्हे.

मग नेमका फरक कुठला? आणि पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली काय बघून ‘हा कर्करोग’ असं लिहितात? बारावीच्या मुलांना सांगता येईल असं हवं आहे, पण सोपं करताना चुकीचं होऊ नये. जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

पेशीपुराण

वेगाबद्दल पूर्ण सहमत. फरक थांबण्यात आहे.

निरोगी पेशी आपणहून विभागत नाही. बाहेरून वाढीचा निरोप येतो, तो पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहक प्रथिनावर बसतो, तिथून आतल्या प्रथिनांच्या साखळीतून केंद्रकापर्यंत जातो. या साखळीत रास नावाचं प्रथिन आहे. निरोप आला की ते चालू होतं, काम झालं की स्वतःच बंद होतं. रासच्या साखळीतलं १२ व्या जागेचं ग्लायसिन बदललं की ते बंद होणंच विसरतं. बाहेरून निरोप नसतानाही आत ‘विभाग, विभाग’ चालूच राहतं.

दुसऱ्या बाजूला अडवणारी प्रथिनं असतात. आरबी हे प्रथिन पेशीला डीएनएची नक्कल सुरू करू देत नाही. पी-५३ डीएनए बिघडलाय का हे पाहतं, बिघडला असेल तर विभाजन थांबवतं, आणि दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर पेशीला मरायला लावतं. माणसाच्या जवळपास निम्म्या कर्करोगांमध्ये पी-५३ चं जनुक बिघडलेलं सापडतं.

प्रयोगशाळेत हा फरक डोळ्यांना दिसतो. बशीत निरोगी फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीतल्या तंतू बनवणाऱ्या पेशी) वाढवले तर तळाला एक थर भरतो, पेशी एकमेकींना टेकतात आणि थांबतात. कर्करोगाच्या पेशी एकमेकींवर चढून ढीग करतात. आणखी कडक परीक्षा म्हणजे मऊ अगारची (अगार ही समुद्री शेवाळापासूनची जेली). खाली ०.६ टक्क्यांच्या आसपास घट्ट अगारचा थर, वर ०.३ टक्क्यांच्या अगारमध्ये सुट्या पेशी मिसळून दोन ते तीन आठवडे ठेवतात. निरोगी अस्तराच्या पेशीला टेकायला पृष्ठभाग मिळाला नाही की ती मरते. कर्करोगाची पेशी अधांतरी राहूनही वसाहत करते. यात नेहमी होणारी चूक म्हणजे वरचा अगार गरम असतानाच पेशी मिसळणं. तो ४० अंशांच्या आसपास यायला हवा, नाहीतर पेशी उष्णतेनंच मरतात आणि ‘वसाहती आल्या नाहीत’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. पेशींचे गुच्छ न फोडता टाकले तर उलटी चूक होते, गुच्छच वसाहत म्हणून मोजले जातात.

रानवारा

पी-५३ च्या जनुकाच्या माणसात दोन प्रती असतात, हत्तीत सुमारे ४०. एवढा अवाढव्य देह, एवढ्या पेशी, तरी हत्तीला कर्करोग कमीच होतो. गजराजाला दंडवत!

स्लाइड_मास्तर

नीलिमाताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तोंडाच्या कर्करोगाच्या उदाहरणानं देतो. तंबाखू, गुटखा आणि सुपारीमुळे आपल्याकडे तो खूप आहे, आणि स्लाइडवर फरक अगदी स्वच्छ दिसतो.

आधी तुकडा स्लाइडपर्यंत कसा येतो ते. गालाच्या आतून काढलेला तुकडा लगेच १० टक्के बफर केलेल्या फॉर्मालिनमध्ये टाकतात. फॉर्मालिन तुकड्याच्या किमान दहापट हवं. पुरेसं मुरल्यावर तो चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून नेऊन त्यातलं पाणी काढतात, मग झायलीन, मग सुमारे ६० अंशांचं वितळलेलं पॅराफिन. थंड झाला की ब्लॉक तयार. मायक्रोटोमवर ३ ते ४ मायक्रॉनचे काप काढून कोमट पाण्यावर तरंगवतात आणि काचेवर उचलतात. मग हिमॅटॉक्सिलिननं केंद्रकं निळी होतात, इओसिननं पेशीद्रव गुलाबी.

निरोगी गालाच्या अस्तरात शिस्त दिसते. सगळ्यात खाली लहान, गडद पेशींची एक ओळ, त्यांची केंद्रकं एकाच दिशेनं उभी. विभाजन जवळपास फक्त इथंच. वर जावं तशा पेशी मोठ्या आणि चपट्या होत जातात. खालच्या ओळीखाली आधारपटल, म्हणजे अस्तर ज्यावर बसतं तो पातळ पडदा, त्याखाली आधार देणारी संयोजी ऊती.

कर्करोगाकडे जाताना ही शिस्त खालून मोडायला लागते. केंद्रकं मोठी आणि गडद होतात, पेशीचा बराच भाग तीच व्यापतात, एकाशेजारी एक असूनही आकारानं जुळत नाहीत, केंद्रिका (केंद्रकातले गडद ठिपके) ठळक होतात. विभाजन खालची ओळ सोडून मधल्या आणि वरच्या थरातही दिसतं. कधी विभाजनात गुणसूत्रं दोनऐवजी तीन ध्रुवांकडे ओढली जाताना दिसतात. हा बिघाड खालच्या एक तृतीयांशापुरता असेल तर सौम्य डिस्प्लेझिया (कर्करोगाआधीचा बिघाड), दोन तृतीयांशापर्यंत मध्यम, त्याच्या वर गेला तर तीव्र. पण आधारपटल शाबूत आहे तोवर आम्ही पसरणारा कर्करोग लिहीत नाही. पेशींची बेटं आधारपटल ओलांडून संयोजी ऊतीत उतरली, आणि एरवी फक्त पृष्ठभागाला शोभणारं केराटिन (केसा-नखांतलं टणक प्रथिन) खोलवर मोत्यांसारखं गोळा झालेलं दिसलं, की निदान पक्कं.

उतरलेली खोली मोजतात, तीही शेजारच्या निरोगी आधारपटलाच्या पातळीपासून सरळ खाली लंब टाकून. गाठीच्या फुगलेल्या माथ्यापासून मोजलं तर आकडा विनाकारण वाढतो. खोली ५ मिलिमीटरच्या वर गेली की टप्पा बदलतो, १० च्या वर पुन्हा बदलतो.

मनवा_जे

मास्तर, सुंदर लिहिलंय. बायोप्सी घेऊनही ‘निष्कर्ष काढता येत नाही, पुन्हा पाठवा’ असा रिपोर्ट का येतो? रुग्णाला वाटतं लॅबला कळत नाही.

स्लाइड_मास्तर

@मनवा_जे, बहुतेक वेळा कारण तुकड्यातच असतं. व्रणाच्या मधोमध घेतलेल्या तुकड्यात नुसता मेलेला भाग येतो. तुकडा कडेचा हवा, थोडा निरोगी भाग सोबत घेऊन. वरवर खरवडला तर आधारपटलच येत नाही, मग पेशी खाली उतरल्यात का हे सांगणार कसं? चिमट्यात दाबला गेला तर केंद्रकं चिरडून निळ्या रेघा होतात. आणि फॉर्मालिन नाही म्हणून सलाइनच्या बाटलीत टाकला तर तो लॅबला पोचेपर्यंत सडायला लागतो.

एक फसवं चित्र असंही येतं. अस्तराची बोटं संयोजी ऊतीत उतरलेली असतात. मुळा तिरका कापला की चकती लांबट आणि देठापासून सुटी दिसते, तसंच इथं होतं. काप तिरका गेला की ही बोटं सुटी बेटं दिसतात आणि पसरल्याचा भास होतो. अशा वेळी ब्लॉकमध्ये आणखी खोल काप घ्यायचे. बेट वरच्या अस्तराला जाऊन मिळालं तर तो भास होता.

डॉ_सावंतवाडी

मास्तरांशी एका मुद्द्यावर जरा मतभेद नोंदवतो. मोठं, गडद केंद्रक म्हणजे कर्करोग, असं वाचकांच्या डोक्यात बसायला नको. बी-१२ कमी असताना मज्जेतल्याच नव्हे, गर्भाशयमुखाच्या पेशीही फुगलेल्या, मोठ्या केंद्रकाच्या दिसतात. रेडिएशन दिलेल्या भागात पेशी इतक्या विचित्र होतात की नवख्यानं हमखास कर्करोग म्हणावा. तिथं पेशी आणि केंद्रक दोन्ही सोबत मोठी होतात, पेशीद्रवात पोकळ्या दिसतात, आणि रेडिएशनची माहिती फॉर्मवर असणं फार महत्त्वाचं. भरून येणाऱ्या व्रणाच्या कडेला विभाजन भरपूर असतं. विषाणूच्या संसर्गातही केंद्रकं बदलतात.

उलट उदाहरण थायरॉइडचं. फॉलिक्युलर प्रकारच्या साध्या गाठीतल्या आणि कर्करोगातल्या पेशी हुबेहूब सारख्या असू शकतात. सुईनं पेशी काढून कितीही पाहिल्या तरी फरक सांगता येत नाही. गाठ अख्खी काढून, तिच्या कडेच्या आवरणाचे भरपूर काप घेऊन, पेशी आवरणाच्या आरपार गेल्यात का किंवा रक्तवाहिनीत शिरल्यात का हे पाहावं लागतं. म्हणून सुईच्या तपासणीत ‘फॉलिक्युलर निओप्लाझम’ लिहून आलं की तो डॉक्टरांचा गोंधळ समजू नका. तितकंच सांगता येतं.

स्लाइड_मास्तर

मतभेद कसला डॉक्टर, मान्यच आहे. पेशी एकटी वाचायची नाही, ती कुठं आहे आणि काय करतेय हे वाचायचं.

अनिकेत_ठाणे

कर्करोगाच्या पेशी साखरेवर जगतात, म्हणून साखर आणि भात पूर्ण बंद करा असे संदेश फिरतात. यात तथ्य किती?

आयसोटोप

@अनिकेत, निरीक्षण खरं, सल्ला चुकीचा. ऑटो वॉरबर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवलं की ऑक्सिजन उपलब्ध असतानाही गाठीच्या पेशी ग्लुकोज पूर्ण जाळत नाहीत, लॅक्टेटवर थांबतात. एका ग्लुकोजमधून दोनच एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) मिळतात, पूर्ण जाळलं तर तीसच्या आसपास. मग तोट्याचा धंदा का? अर्धवट मोडलेले कार्बनचे तुकडे नव्या पेशीचं पटल, डीएनए आणि प्रथिनं बनवायला वापरता येतात. पण झपाट्यानं वाढणारी निरोगी लिम्फोसाइटही (एक प्रकारची पांढरी पेशी) हेच करते.

पेट स्कॅन याच्यावरच चालतो. फ्लोरिन-१८ लावलेलं ग्लुकोज शिरेतून देतात. पेशी ते आत घेते, त्याला फॉस्फेट लावते, पण पुढे मोडू शकत नाही, म्हणून ते आतच अडकतं. फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य ११० मिनिटं. इंजेक्शननंतर साधारण तासभर रुग्णाला शांत पडून राहायला सांगतात. त्या वेळात बोललं, च्युइंगगम चघळलं तर जबड्याचे आणि स्वरयंत्राचे स्नायू उजळतात. खोली गार असेल तर मानेतली तपकिरी चरबी उजळते. चार ते सहा तास उपाशी राहायचं आणि रक्तातली साखर २०० च्या आत हवी. नुकतंच इन्सुलिन घेतलं असेल तर सगळं ग्लुकोज स्नायूंत जातं आणि गाठ फिकी पडते.

मेंदू रोजच ग्लुकोज वापरतो, तोही लख्ख दिसतो. आणि आपल्याकडची मोठी अडचण म्हणजे क्षयरोग. क्षयाच्या गाठींतल्या दाहाच्या पेशीही ग्लुकोज ओढतात, स्कॅनवर हुबेहूब पसरलेल्या कर्करोगासारख्या चमकतात. म्हणून चमकणाऱ्या लसिकाग्रंथीचा तुकडा तपासल्याशिवाय ‘पसरला’ म्हणू नये. प्रोस्टेटचे बरेच कर्करोग मात्र या स्कॅनवर नीट दिसतही नाहीत.

आता आहार. ताटातली साखर काढली तरी यकृत प्रथिनांपासून ग्लुकोज बनवून रक्तातली पातळी टिकवतं, आणि कर्करोगाच्या पेशी ग्लुटामिन आणि मेदाम्लांवरही भागवतात. उपाशी राहतो तो रुग्ण. तोंडाच्या आणि अन्ननलिकेच्या कर्करोगात रेडिएशन चालू असताना वजन उतरणं हा गंभीर धोका आहे, उपचार मध्येच थांबवावे लागतात. भात मुळीच बंद करू नका.

मनवा_जे

शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरात लिहायला हवं.

पेशीपुराण

अमरत्वाचा मुद्दा राहिला. लिओनार्ड हेफ्लिक यांनी १९६१ मध्ये दाखवलं की माणसाचे निरोगी फायब्रोब्लास्ट बशीत ४० ते ६० वेळा विभागतात आणि मग थांबतात. गुणसूत्राच्या टोकाला टीटीएजीजीजी ही सहा अक्षरं हजारो वेळा आलेली असतात, दर विभाजनाला त्यातली काही गळतात. टोक फार आखूड झालं की पेशी थांबते. सुमारे ८५ ते ९० टक्के कर्करोग टेलोमरेज हे विकर पुन्हा चालू करून टोक भरत राहतात.

याचं ठळक उदाहरण म्हणजे हेला पेशी. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून, त्यांची संमती न घेता काढलेल्या. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या वाढल्या आणि आजही जगभर वाढतात. निरोगी पेशीत ४६ गुणसूत्रं, यांच्यात ७६ ते ८० च्या घरात. या पेशींत एचपीव्ही-१८ विषाणूची जनुकं आहेत. त्यातलं ई-६ प्रथिन पी-५३ ला नष्ट करायला लावतं, ई-७ आरबीला बांधून ठेवतं. म्हणजे पी-५३ चं जनुक धडधाकट असूनही प्रथिन टिकत नाही. तंबाखूच्या कर्करोगात जनुकच मोडतं, इथं प्रथिन पळवलं जातं, फळ एकच.

आपल्याकडचा धागा असा की पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे याच जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतीसंवर्धन (शरीराबाहेर पेशी वाढवणं) शिकल्या, आणि परत येऊन त्यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. पॅथॉलॉजिस्ट डॉ. खानोलकरांच्या त्या विद्यार्थिनी. शाळेत मुलांना हे नाव जरूर सांगा.

पशुवैद्य_सांगोला

थोडं विषयांतर, पण मूळ प्रश्नाला धरून. भटक्या कुत्र्यांच्या जननेंद्रियावर फुलकोबीसारखी, रक्त गळणारी गाठ दिसते. तो एका कुत्र्याकडून दुसऱ्याला लागणारा कर्करोग आहे. विषाणू नाही, जंतू नाही, संभोगातून कर्करोगाची पेशीच जाऊन रुजते. हजारो वर्षांपूर्वी एका कुत्र्यात सुरू झालेली ही पेशी, तो कुत्रा केव्हाच गेला, ती मात्र जिवंत आहे. कुत्र्याच्या निरोगी पेशीत ७८ गुणसूत्रं, या पेशीत साधारण ५७ ते ६४. परकी पेशी असून शरीर तिला हाकलत का नाही? कारण पृष्ठभागावरची ओळख सांगणारी प्रथिनं ती लपवते.

उपाय चांगला आहे: आठवड्यातून एकदा शिरेतून व्हिन्क्रिस्टिन, बहुतेकदा चार ते सहा आठवडे. औषध शिरेबाहेर सांडलं तर तिथली कातडी आणि मांस झडतं, म्हणून सलाइन देऊन सुई आत असल्याची खात्री करूनच द्यावं. दर वेळी आधी पांढऱ्या पेशी मोजाव्यात.

रानवारा

व्हिन्क्रिस्टिन सदाफुलीतून मिळतं ना? मग अंगणातली पानं चावून खाणारे काही चुकीचं करत नाहीत, नाही का?

पशुवैद्य_सांगोला

चुकीचंच करतात. पानांत ते अत्यल्प, आणि सोबत इतर अनेक अल्कलॉइड, त्यातली काही विषारी. माणसात याची मात्रा शरीराच्या पृष्ठफळावर मोजतात, चौरस मीटरला १.४ मिलिग्रॅम, आणि एका वेळी साधारण २ मिलिग्रॅमच्या वर जात नाहीत, कारण नसा बधिर होतात. पानं मोजून अशी मात्रा येत नाही.

खारघरकर

फरक माहीत असण्याचा उपचारात उपयोग काय, यावर लिहितो. जुनी केमोथेरपी विभागणाऱ्या पेशीला मारते, ती कोणाची हे तिला कळत नाही. म्हणून केसांची मुळं, तोंडाचं अस्तर आणि मज्जा भरडली जाते. पांढऱ्या पेशी साधारण ७ ते १४ दिवसांत तळ गाठतात. त्या काळात ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला तर पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट बघायची नाही, लगेच रुग्णालय गाठायचं. नीलिमाताईंच्या वेगाच्या मुद्द्याचा हा पुरावाच आहे. केस आणि मज्जा वेगानं वाढतात म्हणूनच तर मार खातात.

खरा वेगळेपणा सापडला की चित्र बदलतं. १९६० मध्ये फिलाडेल्फियात नोवेल आणि हंगरफोर्ड यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या पेशीत एक आखूड गुणसूत्र दिसलं. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवलं की ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांनी तुकड्यांची अदलाबदल केली आहे. त्या जोडावर तयार होणारं प्रथिन निरोगी पेशीत नसतंच. त्याला अडवणारं इमॅटिनिब २००१ मध्ये आलं. रोज ४०० मिलिग्रॅम, जेवणासोबत, मोठा पेलाभर पाण्याबरोबर. बरं वाटतंय म्हणून गोळ्या चुकवल्या की आजार पुन्हा डोकं वर काढतो. दर तीन महिन्यांची पीसीआर (रक्तात बिघडलेलं जनुक किती उरलंय याची तपासणी) त्यासाठीच.

पण असा स्वच्छ फरक क्वचित मिळतो. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी विकसित केलेल्या, २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या कार-टी उपचारात रुग्णाच्याच टी पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) पृष्ठभागावर सीडी-१९ हे प्रथिन असलेल्या पेशी मारायला तयार करतात. सीडी-१९ प्रतिपिंडं बनवणाऱ्या निरोगी बी पेशींवरही असतं, त्याही मरतात. प्रतिपिंडं कमी होतात, ती बाहेरून द्यावी लागू शकतात. तरी हा उपचार चालतो, कारण बी पेशींवाचून माणूस जगू शकतो. यकृताच्या पेशींवाचून नाही.

डॉ_सावंतवाडी

वरचे सगळे प्रतिसाद वाचून मूळ प्रश्नाकडे येतो. कर्करोगाच्या पेशीचं असं एकही कसब नाही जे निरोगी पेशी कधी ना कधी वापरत नाही. गर्भाची पेशी टेलोमरेज वापरते. वारेच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीत शिरतात, रक्तवाहिन्या पोखरतात, आणि ठरलेल्या जागी थांबतात. पांढऱ्या पेशी आधारपटल ओलांडतात. जखम भरताना नव्या रक्तवाहिन्या फुटतात. कर्करोगाची पेशी ही कामं चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी, एकत्र करते आणि थांबत नाही. मुलांना हे एवढं सांगितलं तरी ‘भराभर वाढ’पेक्षा खूप खरं होईल.

आणखी एक आकडेमोड फळ्यावर करून दाखवा. एका पेशीच्या ३० दुपटी झाल्या की सुमारे १०७ कोटी पेशी होतात, म्हणजे साधारण एक सेंटिमीटरची, हाताला लागणारी गाठ. दुपटीला १०० दिवस धरले तर आठ वर्षांहून जास्त. पुढच्या दहाच दुपटीत ती एक किलोच्या घरात जाते. या सगळ्या प्रवासात नवे बिघाड होत राहतात, म्हणून एकाच गाठीतल्या पेशीही एकसारख्या नसतात. औषधाला दाद न देणारी काही पेशी आधीच हजर असते, बाकीच्या मेल्या की तिला रान मोकळं.

नीलिमा_वाई

सगळ्यांचे मनापासून आभार. दुपटींची आकडेमोड आणि आधारपटलाचं चित्र, या दोन्हींवर तास घेणार. एक शेवटचं, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं तर पुन्हा बायोप्सी करावी लागते का? पालक विचारतात.

स्लाइड_मास्तर

बहुतेक वेळा नाही. लॅबकडून स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक दोन्ही मागून घ्या, रिपोर्टची प्रत आणि ब्लॉकचा क्रमांक जुळवून बघा. नुसत्या स्लाइड पुरत नाहीत, कारण पुढच्या खास तपासण्यांसाठी ब्लॉकमधून नवे काप घ्यावे लागतात. ब्लॉक साध्या तापमानाला वर्षानुवर्षं टिकतो, फ्रिज लागत नाही. स्लाइड खोक्यात उभ्या ठेवा. आणि ब्लॉक उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नका, पॅराफिन मऊ पडून तुकडा हलला तर पुन्हा नीट काप निघणं अवघड होतं.